गोर्बाचेव्ह यांच्या शब्दावर रेगन यांनी खरोखर विश्वास ठेवला होता का?

प्रश्न : ८ डिसेंबर १९८७ रोजी अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार झाला, तेव्हा प्रतिस्पर्धी महासत्तेच्या नेत्याचा, म्हणजे गोर्बाचेव्ह यांचा, शब्द अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी नेमक्या कशाच्या आधारावर मानला?

पहिले उत्तर : शब्द मानलाच नाही. ‘विश्वास ठेवा, पण पडताळून पाहा’ ही रशियन म्हण रेगन गोर्बाचेव्ह यांनाच वारंवार ऐकवत असत. करारानुसार सोव्हिएत संघातील व्होटकिन्स्क येथील क्षेपणास्त्र कारखान्याच्या फाटकाबाहेर अमेरिकी निरीक्षक तळ ठोकून राहिले आणि क्षेपणास्त्र मावेल एवढे मोठे वाहन बाहेर पडले की त्याची मोजमापे घेऊ लागले. सोव्हिएत निरीक्षकही तसेच अमेरिकेच्या युटा राज्यात बसले. १९९१ पर्यंत दोन्ही बाजूंची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली.

दुसरे उत्तर : मला हे अपुरे वाटते. सायबेरियातील क्रास्नोयार्स्कचे सोव्हिएत रडार क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या १९७२ च्या कराराचा भंग करणारे आहे, हे मॉस्कोने वर्षानुवर्षे नाकारले आणि १९८९ मध्ये सोव्हिएत परराष्ट्रमंत्री शेवार्डनाड्झे यांनी ते उघडपणे मान्य केले. तपासणीने लबाडी उघडकीस येते, हेतू कळत नाही.

प्रश्नकर्ता : मान्य, तरीही हेतू कळेपर्यंत थांबले असते, तर ती क्षेपणास्त्रे तैनातच राहिली असती ना?