मदत हवी आहे: वहाळाच्या कोंडीत (डोहात) माशांची बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडावी का?

नमस्कार मंडळी. चिपळूणकडे वाशिष्ठीला मिळणाऱ्या वहाळाकाठी आमची वाडी. चढणीचे मासे, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, यंदा जेमतेम कालवणापुरते. म्हणून कोंडीत रोहू-कटल्याची बोटुकली सोडायचं चाललंय. मला पटत नाही. हे गंगेकडचे मासे; पुरात नदीत गेले की परत कोण धरणार?

त्यापेक्षा आपला खडस (महसीर मासा) बरा, लोणावळ्याला त्याची पैदास होते. पण पिल्लांचे आईबाप कुठल्या खोऱ्यातले, हे विचारायचं कुणाला? शिवाय हॅचरीतला मासा पुढे ओळखायचा कसा? सामन माशाचा पाठीवरचा शेपटीजवळचा मांसल पर कापतात. खडसाला तो नसतोच. पोटाखालचा छाटला तर चालतो का?

आधी चढणीला आडवी जाळी लावणं थांबवा म्हटलं, तर काका आठवडाभर बोलले नाहीत!