बायपासची गाडी आणि व्हीलचेअर

एकाने विचारलंय की जळगाव-धुळे एसटी वाटेतल्या पारोळा स्टँडवर न येता बायपासने गेली, तर व्हीलचेअरवरच्या वडिलांना कसं न्यायचं. पाटीवर नुसतं ‘धुळे’ वाचून चढू नका. ‘मार्गे’खालची गावं वाचा आणि तिकीट काढण्याआधी कंडक्टरला स्पष्ट विचारा, “दादा, स्टँडात जाते का?” बायपासला उतरलात तर मातीची कड, उतार आणि वर ट्रकांची रांग, तिथे खुर्ची उघडायलाही सपाट जागा मिळत नाही. त्यापेक्षा तासभर थांबून स्टँडात जाणारी साधी गाडी धरा.

चढताना ड्रायव्हरला दार ओट्याला लावायला सांगा, पहिली पायरी तेवढीच कमी उंच पडते. माणूस आधी बसवा. मग खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्ट्या काढून, घडी घालून, ब्रेक लावून सीटशी दोरीने बांधा. नुसती उभी ठेवली की पहिल्याच गतिरोधकाला ती कुणाच्या तरी पायावर जाते.

४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाला साध्या एसटीत ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबत्यालाही ५० टक्के मिळते, हे बरेच जण मागतच नाहीत. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मूळच ठेवा. गाडी स्टँड टाळून गेली तर तिकीट फाडू नका. गाडी नंबर आणि वेळ लिहून आगारात लेखी तक्रार द्या, पोच घ्या.