पूर आला तर वयस्कर आई-बाबा, म्हातारा कुत्रा आणि मांजर यांना कसं हलवायचं? (सांगली)

कृष्णाकाठची_लेक:

नमस्कार मंडळी, मी पुण्यात नोकरीला, आई-बाबा सांगलीत दत्तनगरच्या बाजूला बैठ्या घरात. बाबा ७६, गुडघे गेलेत, वॉकर लागतो आणि रोज इन्सुलिन. आई ७१, बीपी आणि कानाला मशीन. सोबत मोती, आमचा गावठी कुत्रा, आता म्हातारा झालाय, फिट्स येतात म्हणून रोज गोळी चालू आहे, आणि मनी मांजर जी घरातल्या माणसांशिवाय कुणाच्या हाताला लागत नाही. २०१९ ला हे सगळे शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसले होते, बोट आली तर बोटवाले म्हणाले आधी माणसं, कुत्र्याचं नंतर बघू, आणि बाबा म्हणाले मग मी पण नंतर. पाणी उतरेपर्यंत तिथेच राहिले, फोन बंद, इकडे आमचा जीव टांगणीला. बोटवाल्यांची चूक नव्हती, जागाच नव्हती. पण परत तसं व्हायला नको. पावसाळा तोंडावर आलाय तर घरात काय तयार ठेवू, कधी निघायचं आणि मोतीला घेऊन जायचं कुठे, ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा प्लीज.

हरिपूर_रोडवाला:

ताई, मी २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा बोटीवर मदतीला होतो म्हणून अगदी मनापासून सांगतो, तुमच्या बाबांसाठी आणि मोतीसाठी बोट हा प्लॅनच धरू नका. हलत्या बोटीत वॉकरवाल्या माणसाला चढवायचं म्हणजे चार जणांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलायचं, त्यात भेदरलेला कुत्रा असला आणि त्याने उडी मारली की सगळी बोट हलते. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून किती माणसं गेली ते आपण विसरलेलो नाही. म्हणून रस्ता कोरडा असताना रिक्षाने निघायचं.

कधी निघायचं ते सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती आहे त्यावरून ठरवा. इशारा पातळी ४० फूट, धोका ४५, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. पण दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट इकडे ४० ची वाट बघत बसलात तर उशीर झाला, तिथे पाणी आधी शिरतं. घरात एक आकडा ठरवून टाका, समजा ३० झालं आणि वर पाऊस चालूच आहे, कोयना धरणातून विसर्ग वाढवलाय अशी बातमी आली, की त्याच दिवशी निघायचं, त्यावर चर्चा नाही. कोयनेचं पाणी सोडलं की लगेच सांगलीत येत नाही, मधला वेळ असतो तो वयस्कर माणसांसाठीच वापरायचा. रात्री पातळी वाढणार असं वाटलं तर दुपारीच निघा, अंधारात वॉकर, पाऊस आणि कुत्रा एकत्र जमत नाही.

विश्रामबागला किंवा मिरजेला कुणी नातेवाईक आहेत का, त्यांना आत्ताच विचारून ठेवा आणि कुत्रा-मांजर दोन्ही येणार हे स्पष्ट सांगा, ऐनवेळी दारात गेल्यावर सांगू नका. निवारा केंद्रात जायची वेळ आली तर जनावर आत घेतात का हे पण महापालिकेत आधीच विचारा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, ॲम्ब्युलन्स १०८, बाकी तातडीला ११२, हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा, मोबाइलमध्ये शोधत बसायला लागू नये.

तिसरा_मजला:

आमच्याकडे तर दोन्ही वेळा कुणी हललं नाही, अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी गेलं तर चालतं की, एवढं घर सोडायची गरज काय?

हरिपूर_रोडवाला:

दादा, पाण्यापासून वाचाल हो, पण लाइट तोडली की पंप बंद, लिफ्ट बंद, टाकीतलं संपलं की प्यायला पाणी नाही, आणि कुत्र्याला खाली न्यायलाही जागा नाही. धडधाकट माणूस काढेल दिवस, इन्सुलिनवाल्याला ते जमणार नाही. आणि वरच्या मजल्यावरून उतरवणं बैठ्या घरापेक्षा अवघड असतं, आम्ही ते केलंय.

जनावरांचा_डॉक्टर:

ताई, मी व्हेट आहे. मोतीची फिट्सची गोळी एकदम बंद झाली तर सलग फिट्स येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं, त्यामुळे किमान दोन आठवड्यांची गोळी घरच्या डब्यापासून वेगळी, झिपवाल्या पिशवीत, वर चिठ्ठीत डोस लिहून ठेवा. दर महिन्याला नवीन पाकीट आणलं की ते पिशवीत टाका आणि पिशवीतलं जुनं वापरायला काढा.

लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची लस झालीय का बघा. पुराच्या पाण्यात उंदीर-घुशींची लघवी मिसळलेली असते, त्यातून हा आजार कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. आधी कधी दिली नसेल तर काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे जूनच्या आत सुरू करा, जुलैमध्ये आठवण येऊन उपयोग नाही. रेबीजचं पण पूर्ण ठेवा, गर्दीत घाबरलेलं कुत्रं ओळखीच्या माणसालाही चावतं. तोंडाची जाळी घरात घालायची सवय आत्ताच लावा.

मनीसाठी पिंजरा आणा आणि तो आजपासूनच दार उघडं ठेवून घरात ठेवा, आत तिचं अंथरूण, रोजचं खाणं आतच द्यायचं. निघायच्या दिवशी पिंजरा पहिल्यांदा बघितला तर ती पत्र्यावर चढून बसेल आणि आई-बाबा तिच्या मागे वेळ घालवतील. निघायचं ठरलं की सगळ्यात आधी मनीला एका खोलीत घेऊन दार-खिडक्या बंद, मग बाकीची आवराआवर. पिंजरा नाहीच मिळाला तर द्राक्षाचे दोन प्लॅस्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून दोरीने बांधले तरी चालतात, हवा खेळती राहते.

आणि एक, माणसांची औषधं देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते. कुत्र्याला घाबरट म्हणून झोपेची गोळी पण स्वतःच्या मनाने नको. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२, तो पण भिंतीवर लिहा. मोतीच्या पट्ट्यावर तुमचा पुण्याचा नंबर मार्करने लिहा, आई-बाबांचा फोन बंद असू शकतो. आणि काही झालं तरी कुत्र्याला बांधून ठेवून कुणी घर सोडू नये, ही विनंती सगळ्यांनाच.

पंचगंगा_सिस्टर:

मी कोल्हापुरात नर्स आहे, फक्त बाबांचं सांगते. इन्सुलिन बर्फात पुरून ठेवू नका, गोठलं की वाया गेलं. लाइट नसेल तर छोट्या मडक्यात ठेवून ते मडकं ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात, सावलीत. चालू असलेलं पेन किंवा बाटली बहुतेक प्रकारात साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, तुमच्या कंपनीच्या कागदावर बघून घ्या. सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, साखर-बिस्किटं सोबत, कारण जेवण वेळेवर मिळेल याची खात्री नसते. आईंच्या मशीनच्या बॅटऱ्या आणि जादा चष्मा विसरू नका, ऐकू आलं नाही तर भोंग्यावरची सूचनाच कळत नाही. बाबांना अनवाणी पाण्यात उतरू देऊ नका, शुगरवाल्यांना पायाला लागलेलं कळत नाही. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात चाललो होतो हे आपणहून सांगायचं. पूर ओसरून परतल्यावर घरात आधी काठी आपटून, बॅटरी मारून बघा, साप कोरड्या जागेला येऊन बसतात.

कृष्णाकाठची_लेक:

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार. बाबांना आत्ताच फोनवर वाचून दाखवलं, तीस फुटाचं ऐकून थोडे गप्प झाले, मग म्हणाले मोती येणार असेल तर मी एका शब्दाने अडवणार नाही. मिरजेची मावशी दोन्ही जनावरांना तयार आहे, मागची खोली देते म्हणाली. रविवारी येऊन पिंजरा आणि गोळ्यांची पिशवी करते. डॉक्टर, मोतीला लेप्टोचा पहिला डोस याच आठवड्यात दिला तर फिट्सच्या गोळीबरोबर चालेल ना?

जनावरांचा_डॉक्टर:

शक्यतो चालतं, पण ज्या डॉक्टरांची गोळी चालू आहे त्यांनाच दाखवून लस द्या, शेवटची फिट कधी आली ते सांगा. गोळी त्या दिवशीही चुकवायची नाही.