आईला डिप्रेशनवरची एसिटालोप्राम चालू केलीय, आठवडा झाला, फरक नाही. बंद करू का?

शाहूपुरीकर:
आईचं वय ६२. राजारामपुरीतल्या सायकॅट्रिस्टनी एसिटालोप्राम ५ एमजी दिलीय. मूड आहे तसाच, उलट सकाळी मळमळतंय, चहापण नको म्हणतीय. त्यात गडहिंग्लजची मावशी फोनवर सांगतीय की असल्या गोळ्यांची सवय लागती, एकदा धरली की सुटत नाही. थांबवू का?

मेडिकलवाला:
मनानं थांबवू नका ओ. ही एसएसआरआय म्हणतात त्या डिप्रेशनच्या गोळ्यांच्या गटातली. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप द्यायला सेरोटोनिन सोडती आणि नंतर तेच परत आत ओढून घेती, ते ओढणं ही गोळी अडवती. हे काम पहिल्या दिवसापासून चालू होतंय पण माणसाला बरं वाटायला २ ते ४ आठवडे, कधी ६-८ पण लागतात. मळमळ मात्र लगेच सुरू, म्हणून लोक नेमकं नको तेव्हा सोडतात. जेवणानंतर द्या, बहुतेकांची एक-दोन आठवड्यात जाती. सवय लागती ती अल्प्राझोलामसारख्या घबराटीवरच्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांची, काउंटरवर रोज कोणीतरी दोन्हीत घोळ घालतंयच.

कळंबेकर:
सवय नाही हे खरं, पण अचानक बंद केली तर त्रास होतो हेपण सांगा की राव. आमच्या थोरल्या भावाची ह्याच गटातली सर्ट्रालिन जोतिबाच्या यात्रेच्या गडबडीत राहिली, मान वळवली की डोक्यात करंट मारल्यागत व्हायचं त्याला. बरं वाटल्यावरपण निदान ६ महिने चालू ठेवतात, मग डॉक्टरच हळूहळू कमी करत आणतात. आणि एक, सुरुवातीला फार बेचैनी वाढली किंवा जिवाचं बरंवाईट बोलायला लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, नाही लागला तर टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

शाहूपुरीकर:
बरं. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक घेती अधनंमधनं, बीपीची पण चालू आहे. चालतंय का?

मेडिकलवाला:
हे डॉक्टरांना सांगितलंय का? डायक्लोफेनॅकसोबत पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, शौच काळी डांबरागत झाली तर सरळ दवाखाना गाठायचा. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर दोन्ही मिळून या वयात रक्तातलं सोडियम उतरू शकतं, मग माणूस असंबद्ध बोलतंय, तोल जातोय. आणि गुडघ्यासाठी कोणी ट्रामाडोल दिली तर विचारल्याशिवाय नकोच, सेरोटोनिन जास्त होऊन थरथर, घाम, ताप असलं होऊ शकतं. सगळ्या पाकिटांचे फोटो काढून आजच पाठवा डॉक्टरांना.

शाहूपुरीकर:
पाठवले. डायक्लोफेनॅक बंद करायला सांगितली, दुखलं तर पॅरासिटामॉल, एसिटालोप्राम चालूच. सोडियमसाठी उद्या सकाळी लॅबवाला येतोय.