मुलांसोबत घरी कामट्यांचा आकाशकंदील करायचाय, गेल्या वर्षी सांगाडा पिळला

रानजाई
नमस्कार मंडळी. घरात दोन मुलं, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ५ वर्षांचा. गेल्या दिवाळीला आम्ही चौघांनी मिळून पारंपरिक कंदील करायला घेतला, २४ कामट्या कापल्या, बांधल्या, आणि उचलून बघितलं तर सगळा सांगाडा पिळल्यासारखा एका बाजूला बसला. सरळ करून ठेवला की परत तसाच. त्यावर तसाच कागद लावायला गेलो तर दोनदा फाटला, मुलं दमली, रडारड झाली आणि वसुबारसेच्या आदल्या रात्री नवरा जाऊन बाजारातून तयार कंदील घेऊन आला. लेक काही बोलली नाही पण तो अर्धवट सांगाडा तिने कपाटावर ठेवलाय आणि वर्षभर कोणाला हात लावू दिला नाही. यंदा तिच्यासाठी तरी हे झालंच पाहिजे. माझे बाबा करायचे पण तेव्हा मी फक्त बघत बसायचे, आता विचारायला ते नाहीत. नक्की चुकतंय कुठे? आणि ५ वर्षांच्या मुलाला काय काम द्यावं, त्याला सगळ्यात हात घालायचा असतो.

चाळकरी
ताई तुमचं बांधणं चुकलेलं नाही, तो सांगाडा असाच वागतो. आमच्या चाळीत गणपती उठले की गॅलरीत कामट्या तासायचं काम सुरू व्हायचं, त्यामुळे हे हातात बसलंय. बघा, कंदील म्हणजे ६ चौकोन, एक वर, एक खाली आणि चार बाजूंना टोकावर उभे, पतंगासारखे. सहा चोक चोवीस कामट्या झाल्या. हे चौकोन कोपऱ्यात एकमेकांना बांधले की मधे आपोआप ८ त्रिकोण तयार होतात. आता त्रिकोण कधी हलत नाही पण दोऱ्याने बांधलेला चौकोन दाबला की तिरका होतो, शंकरपाळ्यासारखा. सहाच्या सहा चौकोन थोडे थोडे तिरके झाले की आख्खा कंदील पीळ घेतो. म्हणून आधी प्रत्येक चौकोन वेगळा बांधायचा, काटकोनात धरायचा (वहीचा कोपरा लावून बघा) आणि त्याला फुलीसारखा दोरा कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणून बांधायचा. वरच्या चौकोनाला दोऱ्याऐवजी एक जादा लांब कामटी कोपऱ्यातून कोपऱ्यात बांधा, बल्बचा होल्डर तिलाच अडकवता येतो. मग सगळे जोडा. जागचा हलणार नाही.

आणि एक, चौकोनांच्या कामट्या सगळ्या एकाच मापाच्या पाहिजेत, पाव इंचाचा फरकसुद्धा शेवटच्या गाठीला नडतो. पहिली कापली की तीच माप म्हणून ठेवायची, दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून चौथी असं करू नका, फरक वाढत जातो. ९ इंची कामटी घेतलीत तर कंदील साधारण १३ इंच उंच होतो झिरमिळ्या सोडून, फ्लॅटच्या बाल्कनीला पुरे. १ फुटाच्या घेतल्या तर १७ इंच. पुण्यात असाल तर बुरूड आळीत कामट्या तासून मिळतात, घरी तासायचा त्रास नको, कूस बोटात गेली की मुलं परत जवळ येत नाहीत.

साताऱ्याची_माई
बाळा, कागदाचं मी सांगते. कागद फाटला कारण सांगाडा पिळलेला होता हे तर झालंच, पण तुम्ही बहुतेक कागद आधी कडक ताणून लावला असणार. पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने ओला झाला की सैल पडतो आणि वाळताना स्वतःच ताणला जातो, आपण ओढायचा नसतो. चौकोनापेक्षा सगळीकडून अर्धा इंच जास्त कापायचा, कामटीवरून आत वळवून चिकटवायचा, मग सावलीत ठेवून द्यायचं आणि तासभर कोणी बोट लावायचं नाही. चौकोनांना आधी लावा, त्रिकोणांना नंतर. वरचा चौकोन उघडाच, तिथून हवा जाते.

खळ विकतच्या गोंदापेक्षा बरी. दोन चमचे मैदा आधी गार पाण्यात गुठळी न होता कालवायचा, मग कपभर पाणी घालून मंद गॅसवर ढवळत राहायचं, पांढरा रंग जाऊन जरा काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. आमच्या वेळी झुरळं कागद खाऊ नयेत म्हणून मोरचूद घालायचे, पण ते विषारी आहे, लेकरांच्या हाताशी अजिबात नको. मी चिमूटभर तुरटी घालते.

धाकट्याला खळ लावायचं काम द्या. ब्रश नको, बोटानेच. माझा नातू त्याच वयाचा होता तेव्हा त्याने कामटीपेक्षा कोपरापर्यंत स्वतःलाच जास्त खळ लावली होती, पण खालचा चौकोन पूर्ण त्याचा होता आणि कंदील लागल्यावर रोज संध्याकाळी खाली उभा राहून तेवढाच बघायचा. झिरमिळ्या थोरलीला. तावाची लांब पट्टी घडी घालून कात्रीने बारीक बारीक कापायची, वरची दोन बोटं सोडून.

दूरदेशी
आम्ही जर्मनीत, इथे कामट्या कुठून आणणार, म्हणून ग्रिलच्या ३० सेंटीमीटरच्या लाकडी काड्या वापरतो, सुपरमार्केटात पाकीट मिळतं. टोकं आधी कापून टाका. गुळगुळीत असल्यामुळे दोरा घसरतो, त्यामुळे गाठीवर थेंबभर गोंद लावतो. आणि बल्ब एलईडीच लावा, जुने ४०-६० वॅटचे पिवळे बल्ब तापायचे आणि कागद करपायचा, आता ती भीती नाही. ऑक्टोबरात इथे पाचलाच अंधारून येतं असं नाही पण ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं तासभर मागे घेतली की येतं, आणि तेव्हा खिडकीत तो लाल पिवळा उजेड बघून माझी मुलगी शाळेतून पळत येते.

रानजाई
माई, चाळकरी, सगळ्यांचे मनापासून आभार. वहीचा कोपरा लावून कपाटावरचा जुना सांगाडा तपासला, एकही चौकोन काटकोनात नव्हता. लेकीने स्वतः दोऱ्याच्या फुल्या बांधल्या, चार चौकोन झाले आणि तेवढ्यानेच तो पहिल्यांदा सरळ उभा राहिला! नवीन करायचा नाही म्हणते, हाच पुरा करायचा. धाकटा विचारतोय खळ कधी. एकच शंका, खळ आदल्या दिवशी करून ठेवली तर चालते का?

साताऱ्याची_माई
फ्रीजमधे झाकून ठेव, दुसऱ्या दिवशी चालते. घट्ट झाली तर कोमट पाणी घालून फेटून घे. आंबूस वास आला तर टाकून दे आणि नवीन कर, दहा मिनिटांचं काम आहे. आणि लागला की फोटो टाक ग.