‘घर्षणहानी’, ‘झीज’ की ‘घसारा’? इंजिनासाठी नेमका शब्द

आर्वीकर : पंपाच्या डिझेल इंजिनावर गावातल्या लोकांसाठी चार पानं मराठीत लिहितो आहे. इंजिनाच्या आतल्या आत घासण्यात जी ताकद जाते, तिला ‘घर्षणहानी’ लिहिलं. वाचणारे त्याचा अर्थ ‘इंजन घासलं’ असा घेतात, म्हणजे लाइनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) गेला, पिस्टनवरच्या रिंग गेल्या. ‘घसारा’ चालेल का?

मोर्शीवाला : घसारा नको भाऊ. तो हिशेबाच्या वहीतला शब्द आहे, यंत्राची किंमत दरवर्षी उतरते तो. ‘झीज’ही इथे चुकीची, कारण झीज म्हणजे धातू कमी होणं आणि घर्षणहानी म्हणजे ताकद कमी मिळणं. दोन्ही एकदम वाढतात असंही नाही. नवं इंजिन घ्या : झीज काहीच नाही, पण रिंगा अजून बसलेल्या नसतात म्हणून ते जड फिरतं. जुनं इंजिन उलट हँडलला हलकं लागतं, कारण रिंगांचा ताण गेलेला असतो. त्याची ताकद घासण्यात जात नाही, रिंगांच्या बाजूनं गॅस खाली पळतो त्यात जाते. चालू इंजिनाच्या ब्रीदरमधून (खालच्या पेटीतली हवा सोडणाऱ्या तोंडातून) धूर फुसफुस बाहेर येतो तो हाच. दोघांना एकच शब्द वापरला की उपायही चुकतो.

वणीकर : बरोबर. चुकीच्या उपायाचं आपल्याकडचं ठरलेलं उदाहरण म्हणजे ‘ऊन ४५ डिग्री, म्हणून ऑइल जाड टाका’. १५डब्ल्यू-४० आणि साधं ४० नंबरचं ऑइल १०० डिग्रीला एकाच पट्ट्यात बसतात, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं माप). फरक पडतो तो थंड असताना. साधं ४० सकाळी घट्ट असतं, वरपर्यंत उशिरा पोचतं, आणि तोवर ताकदही जास्त खातं आणि झीजही करतं. त्याहून जाड, ५० नंबरचं घातलं तर बेअरिंगमधला तेलाचा थर जाड राहतो हे खरं, पण तो थर कापत फिरायलाच क्रँकला जास्त जोर लागतो. फार पातळ घेतलं तर थर तुटतो आणि धातूला धातू लागतो. म्हणून पुस्तिकेत दिलेला ग्रेडच घालायचा.

आर्वीकर : मग वाचणाऱ्याला हा फरक हातानं दाखवता येईल असं काही आहे?

मोर्शीवाला : आहे ना. डिझेल बंद करा, डिकॉम्प्रेशन लिव्हर उचला आणि हँडल सावकाश फिरवा. व्हॉल्व्ह उघडा असल्यानं हवा दबत नाही, त्यामुळे हाताला जे जड लागतं ते जवळजवळ सगळं घर्षण : रिंगा, पिस्टन, बेअरिंग, तेल. लिव्हर खाली सोडली की जो उसळता जोर लागतो तो कॉम्प्रेशनचा, ती हानी नव्हे; दाबलेली हवा बहुतेक जोर परत देते. गरम इंजिन लिव्हर उचलूनही सगळ्या फेऱ्यात सारखं जड असेल तर बेअरिंग आवळ बसलं असेल. ठरावीक जागीच अडत असेल तर पिस्टन लाइनरला कुठं धरतोय ते बघा.

वणीकर : यात मोठा वाटा पिस्टन आणि रिंगांचा, साधारण निम्मा. म्हणून रिंग बसवताना घाई नको. रिंग लाइनरमध्ये टाका, पिस्टनच्या माथ्यानं ढकलून सरळ करा आणि दोन टोकांमधली फट फिलर गेजनं (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ८० मिमी बोअरला (लाइनरच्या आतल्या व्यासाला) ०.३ ते ०.४ मिमीच्या आसपास, नेमका आकडा पुस्तिकेतला. फट कमी ठेवली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला फुगायला जागा उरत नाही आणि लाइनरवर उभ्या रेघा पडतात. कमी असेल तर टोक बारीक कानसीनं घासा, पण सरळ.

दुसरी गोष्ट थंड पाण्याची, तिच्याकडे कुणी बघत नाही. विहिरीचं पाणी पंपातून थेट इंजिनात फिरवतात आणि ते कोमटच बाहेर पडतं. त्याला लोक चांगलं समजतात. लाइनर थंड राहिला की त्याच्यावरचं तेल घट्ट राहतं, घर्षण वाढतं, आणि जळणातून झालेली आम्लं भिंतीवर जमून लाइनर खातात. इथं मात्र हानी आणि झीज दोन्ही बरोबर वाढतात! पाण्याचा कॉक कमी करून बाहेरचं पाणी ६० ते ७० डिग्रीवर आणा. एवढ्या गरम पाण्याच्या धारेखाली हात धरवत नाही. कॉक पूर्ण बंद होऊ देऊ नका.

हिंगणघाटकर : एक भर. ‘घर्षणहानी’ हा शब्द ठिबकवाल्यांच्या तोंडी आधीच आहे, पाइपात पाण्याचा दाब पडतो त्यासाठी. संत्र्याच्या बागेवाला तोच अर्थ घेईल. म्हणून पहिल्यांदा ‘इंजिनातली घर्षणहानी’ असं पूर्ण लिहा. कारखान्याच्या मिस्त्रीला ‘इंजन आतल्या आत किती खातं’ म्हटलं की लगेच कळतं, तेही कंसात द्या.

आर्वीकर : ‘आतल्या आत खातं’ घेतोच. पट्टा घसरून जाते ती ताकद यातच धरू का?

मोर्शीवाला : नाही, ती शाफ्टच्या बाहेरची. पट्ट्याचं वेगळं लिहा. पण भाराचं यातच येऊ द्या. समजा शाफ्टवर ५ एचपी मिळायला आत साडेसहा तयार होते, म्हणजे दीड आतच जाते. त्याच इंजिनाला अडीच एचपीचा पंप जोडला आणि फेरे तेच, मिनिटाला १५००, ठेवले, तर ती दीड फारशी उतरत नाही. अडीचसाठी चार तयार करावी लागते. लहान पंपावर मोठं इंजिन डिझेल जास्त का खातं, हे वाचणाऱ्याला या आकड्यांतून कळेल. आणि तुरीच्या थ्रेशरजवळ चालणाऱ्या इंजिनासाठी एअर क्लीनरची (हवा तेलातून गाळणाऱ्या वाटीची) ओळ झीजेच्या पानावर टाका, घर्षणहानीच्या नको : वाटीतलं तेल खुणेपर्यंतच, कमी असेल तर भुसा-धूळ आत, जास्त असेल तर तेलच आत.