हलका पण आधार देणारा रनिंग शूज सुचवा
मंडळी, मदत हवी आहे. मी रत्नागिरीचा. पहाटे भाट्याच्या पुलावरून पळतो. 10 किलोमीटर 54 मिनिटांत होतात. हाफ मॅरेथॉन (21.1 किलोमीटर) दोन तासांच्या आत काढायचीय. तळवे सपाट, घोटा आत कलतो. जुन्या बुटाची टाच आतल्या बाजूनेच झिजलीये. आत्ताचा आधारवाला बूट 300 ग्रॅमचा, वेग वाढवला की पायाला चिरा बांधल्यासारखं वाटतं. मित्राचा कार्बन प्लेटवाला (सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेला) बूट घालून बघितला. फुलासारखा हलका, पण वळणावर पाय मुरगळता मुरगळता वाचला.

ब्रूक्स हायपेरिअन जीटीएस किंवा सॉकनी टेम्पस हे हलके आधारवाले बूट कोणी वापरलेत का? माझा पंजा रुंद आहे. ओल्या जांभ्या दगडावर पकड कशी? आणि भिजल्यावर वाळतो किती वेळात? (पावसाळ्यात आई बूट चुलीमागे ठेवते, मग सोल सुटतो!)